‘बाईंनी ओळखलं’ या मथळ्याचा खुलासा

जपानहून परतल्यावर मी एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीसाठी दोन लेख लिहिले. पहिल्यात प्रवास होता, दुसऱ्यात एक भेट. दुसऱ्या लेखाला चुकीचा मथळा लागला. अशा चुकीचा खुलासा एक-दोन दिवसांत छापायचा असतो. तो छापला नाही, मीच अडवला. सगळी नोकरी बातम्यांच्या टेबलावर केलेल्या माणसानं स्वतःच्या लेखाचा खुलासा अडवावा, याला एक कारण होतं. ते कारण आता राहिलेलं नाही. म्हणून झालं ते क्रमानं लिहितो.

माझी बायको जपानीची भाषांतरकार. ऐंशीच्या दशकात, कॉलेजात असताना, ती शनिवार पेठेतल्या एका शाळेत संध्याकाळच्या वर्गाला जात असे. शिकवणाऱ्या बाई जपानी होत्या. पाली शिकायला पुण्यात आल्या आणि काही वर्षं राहिल्या. शाळेजवळ त्यांनी एक खोली भाड्यानं घेतली होती. वर्गात त्यांना ‘सेन्सेई’, म्हणजे गुरुजी, म्हणायचं असा नियम होता. जिना उतरलं की सगळ्यांच्या त्या ‘बाई’. त्या सायकलवरून मंडईत जात आणि पुस्तकातून शिकलेल्या मराठीत भाव करत. “आपण या वांग्यांचे मूल्य किंचित कमी कराल का?” असं त्यांनी विचारल्यावर एक भाजीवाली म्हणाली होती, “बाई, तुम्ही जपानच्या का सदाशिव पेठेतल्या?” हा किस्सा बायको अजून सांगते.

बाईंच्या शिकवण्यात एक गोष्ट पक्की होती. जपानी बोलताना प्रत्येक अक्षराला सारखा वेळ द्यायचा. कुठे ओढायचं नाही, कुठे गिळायचं नाही. विद्यार्थी वाक्य म्हणू लागला की बाई मधल्या बोटाच्या नखानं टेबलावर ठोके देत. वाक्य बरोबर असेल तोवर ठोके चालू. चूक झाली की ठोके थांबत. बाई काही बोलत नसत, रागावत नसत. ठोके थांबले की विद्यार्थ्यानं ओळखायचं आणि वाक्य पहिल्यापासून म्हणायचं. एकदा त्या सगळा वर्ग घेऊन कसब्यात तांबट आळीत गेल्या. तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या हातोड्या चालू होत्या. बाई म्हणाल्या, “ऐका. कुणालाही घाई नाही.”

तिकडे त्यांची आई आजारी पडली तेव्हा बाई जपानला परत गेल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. वर्ग फुटला. बायकोनं पुढच्या परीक्षा दिल्या आणि भाषांतराची कामं धरली. कादंबरी किंवा कविता तिच्या वाट्याला कधी आली नाही. चाकणच्या आणि पिंपरीच्या कारखान्यांत येणाऱ्या जपानी यंत्रांची माहितीपुस्तकं ती मराठीत आणि इंग्रजीत आणायची. झाकण उघडण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करावा. फिरत्या भागाजवळ हात नेऊ नये. अशी हजारो वाक्यं. गेल्या काही वर्षांत हे काम संगणक करू लागला. आधी तिच्याकडे केलेलं भाषांतर तपासायला येई. मग तेही यायचं थांबलं. शब्दकोश टेबलावरून कपाटात गेले, एवढंच मला दिसलं.

बाईंचं नववर्षाचं कार्ड दर वर्षी यायचं. एका वर्षी त्यावरचं अक्षर बदललं. बाईंची भाची लिहू लागली होती. बाई आता वृद्धांच्या एका निवासात आहेत, असं तिनं कळवलं. तेव्हा बायको म्हणाली, “आपण जाऊ या.”

भाचीनं फोनवर आधीच सांगितलं, की बाई आता कुणालाही ओळखत नाहीत. तिलासुद्धा नाही. बायकोनं फोन ठेवला आणि मला ते जसंच्या तसं सांगितलं. मग म्हणाली, “मला नाही ओळखलं तरी चालेल. पण माझं जपानी ओळखतील. ते त्यांचंच आहे.”

म्हणजे जायचं कशासाठी, हे निघण्यापूर्वीच ठरलं होतं. बाकी प्रवास त्याच्या आजूबाजूला बसवला.

लक्ष्मी रस्त्यावरच्या एका प्रवास कंपनीत चौकशी केली. तिथला माणूस म्हणाला, “काका, ग्रुपनं जा. आपला स्वयंपाकी बरोबर असतो. तिकडे सकाळी पोहे, रात्री वरणभात. शिवाय दुभाषी.”

“दुभाषी माझ्याबरोबर आहे,” मी म्हणालो.

“आणि पोहे?”

“तेही तिलाच येतात,” मी म्हणालो. बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, “पोहे तुम्ही करणार आहात.”

निघण्याआधी तिच्या एका मैत्रिणीला भेटायला गेलो. दोघी त्या वर्गात एका बाकावर बसत. बायकोच्या म्हणण्याप्रमाणे वर्गात सगळ्यात चांगलं जपानी मैत्रिणीचं होतं. लग्नानंतर तिनं ते सोडलं. मणक्याच्या दुखण्यानं ती दोन वर्षं अंथरुणाला खिळली होती. सिंहगड रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये तिच्या पलंगाशेजारी कागदात गुंडाळलेला तांब्याचा लोटा तयार ठेवलेला होता. सुनेला तांबट आळीत पाठवून तिनं तो आणवला होता.

“बाईंना दे,” ती म्हणाली. “आणि माझं नाव सांग. नुसतं नाव सांग. बघ काय म्हणतात.”

“आणि नाही काही म्हणाल्या तर?”

“तुला ओळखतील आणि मला विसरतील? तू शेवटपर्यंत ठोके चुकायचीस!”

दोघी हसल्या. लोटा आमच्या सामानात गेला.

पहिल्या लेखात मी लिहिलं होतं, की देश अपेक्षेला उतरला नाही. त्यावर वाचकांची पत्रं आली, काही रागाची होती. तक्रार गाड्यांबद्दल नव्हती. गाड्या वेळेवर होत्या, रस्ते स्वच्छ होते, माणसं नम्र होती. पानं लाल व्हायच्या दिवसांत आम्ही गेलो आणि उन्हाळा लांबल्यामुळे पानं हिरवीच होती, याचीही तक्रार नव्हती. ज्या पर्वताचं चित्र आमच्या बाहेरच्या खोलीत इतकी वर्षं टांगलेलं आहे तो ढगातून बाहेर आला नाही. त्याला कुणाचा इलाज नाही. तक्रार अशी होती, की तिथे बायकोशी कुणी बोललं नाही.

पहिल्याच दिवशी स्टेशनवरच्या खिडकीपाशी तिनं तिकिटाबद्दल विचारलं. वाक्य मोठं होतं, तिनं विमानात मनाशी म्हणून पाहिलेलं. आतल्या तरुणानं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मान लववली आणि काचेखालून एक यंत्र पुढे सरकवलं. यंत्रातून बाईचा आवाज आला, “आपको कहाँ जाना है?”

बायकोनं पुन्हा जपानीत सांगितलं. त्यानं पुन्हा मान लववली आणि यंत्राकडे बोट दाखवलं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, “हिंदीतच बोलायचं होतं तर भोपाळला गेलो असतो. स्वस्तात झालं असतं.”

हॉटेलात कुणी माणूसच नव्हता. भिंतीतल्या पडद्यावर पासपोर्ट दाखवायचा आणि किल्ली घ्यायची. दुकानात सामान आपणच मोजून पैसे यंत्रात टाकायचे. उपाहारगृहात टेबलावरच्या पडद्यावर बोट ठेवलं की जेवण येई. जिथे माणूस होता तिथे तो आमचे चेहरे बघून आधीच इंग्रजीत सुरुवात करी. तिनं जपानीत उत्तर दिलं तरी तो इंग्रजी सोडत नसे. त्याला सराव करायचा असावा. क्योतोच्या एका देवळाबाहेर एवढी गर्दी होती, की जपानी सोडून सगळ्या भाषा ऐकू आल्या, मराठीसुद्धा. “अगं, चपला इथे काढायच्या का तिथे?” असं कुणीतरी मागून ओरडलं आणि बायकोनं वळून त्यांना जागा दाखवली. त्या दिवशी तिचा एवढाच उपयोग झाला.

एकदाच वेगळं घडलं. गल्लीतल्या छत्र्यांच्या छोट्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी तिचं बोलणं ऐकलं आणि हातातलं काम खाली ठेवलं. तिनं विचारलेला दर सांगायचा सोडून ते दुसरंच काही बोलले. ती वाकून आभार मानून बाहेर आली.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, आमच्या लहानपणी रेडिओवर असं बोलायचे.”

“मग हे कौतुकच झालं.”

“हो. पण हल्ली रेडिओवरसुद्धा असं बोलत नाहीत, असंही म्हणाले.”

छत्री घेतली नाही. त्या संध्याकाळी ती कुणाशीच जपानीत बोलली नाही. जेवताना पडद्यावर तिनं आपणहून इंग्रजीचं बटण दाबलं. खिडकीबाहेर दिव्यांची पाटी होती, ती तिनं सवयीनं वाचली आणि मला अर्थ सांगितला. दंतवैद्याची होती.

बाईंचं गाव उत्तरेकडे समुद्राजवळ आहे. मोठी गाडी सोडून दोन डब्यांची छोटी गाडी धरावी लागली. तिच्यात आमच्याखेरीज शाळेची मुलं होती, ती वाटेत उतरून गेली. बायकोनं कागदावर लिहून आणलेलं छोटं भाषण काढलं. आभाराचं होतं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. तिच्या मांडीवर पिशवीत लोटा होता आणि पिशवीवर बोटानं ती स्वतःच ठोके देत होती.

भाची स्टेशनवर मोटार घेऊन आली होती. साठीची, बुटकी, घाईत असल्यासारखी बाई. ती बायकोशी व्यवस्थित जपानीत बोलली, आणि बायकोही भराभर बोलू लागली. जपानात आल्यापासून तिचं पहिलं खरं संभाषण ते. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तिचा आवाज बदललेला कळत होता.

निवास दुमजली होता, टापटीप होता. दारात भाचीनं पिशवीतला लोटा पाहिला आणि तिथल्या माणसाला काहीतरी विचारलं. त्यानं नम्रपणे नकार दिला. कडक, जड वस्तू आत ठेवायला परवानगी नव्हती. लोटा पुन्हा मोटारीत, मागच्या सीटवर गेला.

बाई खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. बायकोकडच्या जुन्या फोटोतल्या बाईंशी मला काही साम्य सापडलं नाही. केस अगदी बारीक कापलेले. उजवा हात खुर्चीच्या हातावर होता.

बायकोनं वाकून नमस्कार केला आणि भाषण सुरू केलं. कागद काढला नाही, पाठ होतं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मध्येच मोठ्यानं काही विचारलं. बायको थांबली. तिनं भाचीकडे पाहिलं. बाईंनी तेच पुन्हा विचारलं.

बायकोला ते कळलं नव्हतं. हे समजायला मला थोडा वेळ लागला, कारण अशी शक्यता माझ्या मनातच आली नव्हती. बाई आपल्या गावच्या बोलीत बोलत होत्या. पुण्यात त्यांनी ती कधी ऐकवली नव्हती. वर्गात शिकवली ती राजधानीची, पुस्तकातली शुद्ध भाषा होती, आणि आम्ही पुण्याची माणसं; शुद्ध म्हणजेच खरी, यापलीकडे आम्हाला काही शंका येत नाही. ती भाषा बाईंच्या डोक्यातून निघून गेली होती. राहिली होती ती त्यांच्या आईची.

भाचीनं बोलीतलं बोलणं पुस्तकी जपानीत सांगितलं. बायकोनं ते मला मराठीत सांगितलं.

“विचारतायत, छपरावरचं बर्फ काढलं का.”

बर्फ पडायला अजून अवकाश होता. भाचीनं त्यांना हो म्हणून सांगितलं. बाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

बायकोनं मैत्रिणीचं नाव घेतलं. आधी नुसतं, मग सावकाश, तोडून. मग स्वतःचं. मग पुणे. बाई बाहेर बघत राहिल्या.

तेव्हा तिनं भाषण सोडलं. स्टूल ओढून ती बाईंच्या शेजारी बसली आणि पहिला धडा म्हणू लागली. हा धडा मलाही ऐकून पाठ आहे, शब्द समजत नसले तरी; अर्थ तिनं कधीतरी सांगितलेला. हे पुस्तक आहे. ते टेबल आहे. खिडकी कुठे आहे? तिसऱ्या की चौथ्या वाक्याला खुर्चीच्या हातावरचं बाईंचं मधलं बोट हललं. नख प्लास्टिकवर आपटलं. मग पुन्हा. ठोके सुरू झाले.

भाची काहीतरी बोलली. बायकोनं तिच्याकडे न बघता मान हलवली आणि पुढचं वाक्य म्हटलं. मी विचारलं, “काय म्हणतेय?”

“आवाज ओळखीचा वाटत असेल, म्हणतेय.”

धडा पूर्ण झाला. मग दुसरा झाला. ठोके चालू होते. आम्ही निघालो तेव्हा बाईंनी तिचा हात धरला आणि त्या बोलीत एक वाक्य बोलल्या. बर्फ पडायच्या आत घरी जा, असा त्याचा अर्थ होता.

स्टेशनवर भाचीनं लोटा स्वतःच्या घरी ठेवीन असं सांगितलं. गाडी सुटेपर्यंत ती फलाटावर वाकून उभी होती.

पुण्याला आल्यावर मी दुसरा लेख लिहिला. माझा कुठलाही मजकूर घराबाहेर जाण्याआधी बायको वाचते, ही जुनी पद्धत आहे. ती शुद्धलेखन बघते आणि जिथे मी वाहवत जातो तिथे पेन्सिलीनं रेघ मारते. या लेखात तिनं एकाच ठिकाणी रेघ मारली. वाक्य असं होतं: बाईंनी तिला ओळखलं.

“अहो, हे काढा.”

“का? मी समोर होतो.”

“तुम्हाला बोट दिसलं. तेवढंच लिहा.”

“भाचीसुद्धा म्हणाली ना?”

ती रेघ तिनं पुन्हा गिरवली. मग म्हणाली, “भाची म्हणाली, या दिवसभर असंच करतात. जेवताना, टीव्हीसमोर, कुणी नसलं तरी.”

“मला तू वेगळं सांगितलंस.”

“हो. आयुष्यात एकदा चुकीचं भाषांतर केलं. बिल नाही लावलं त्याचं.”

मी म्हणालो, की दिवसभर करत असतील, पण त्या वेळी ठोके तिचं ऐकूनच सुरू झाले असतील. नाही असं कशावरून? हा प्रश्न कुठल्याही बातमीदारानं मला विचारला असता तर मी त्याला टेबलावरून उठवलं असतं.

“मलाही तसंच वाटलं,” ती म्हणाली. “म्हणून दुसऱ्या धड्यात मी मुद्दाम चुकले. आधी एकदा, थोडी. मग पूर्ण वाक्यच वेडंवाकडं म्हटलं. ठोके थांबले नाहीत.”

पेन्सिल तिनं लेखावर ठेवली आणि ती चहा टाकायला आत गेली.

मी वाक्य काढलं. त्या जागी लिहिलं: धडा चालू असताना बाईंचं बोट खुर्चीच्या हातावर हलत होतं. लेख पाठवला. पुरवणीच्या टेबलावर हल्ली तरुण मुलं आहेत, चांगली आहेत. त्यातल्या कुणीतरी लेख वाचला, त्या वाक्याचा सगळे काढतील तोच अर्थ काढला, आणि मोठ्या टाइपात मथळा दिला: बाईंनी ओळखलं.

रविवारी सकाळी अंक आला तेव्हा मी फोन उचलून खुलाशाचा मजकूर सांगायच्या तयारीत होतो. त्याआधी बायकोचा फोन वाजला. मैत्रीण होती. पलंगावरून फोन हातात धरणं तिला जमत नसे, म्हणून तिकडे सूनबाईंनी स्पीकर लावलेला असे आणि तिला नीट ऐकू यावं म्हणून इकडे बायकोही स्पीकर लावून मोठ्यानं बोलायची. दोन्हीकडचं मला ऐकू आलं.

“ओळखलं गं! ओळखलं ना त्यांनी! मी सुनेला म्हटलं, परत वाच, परत वाच.” ती रडत होती. “तू आल्यावर काहीच बोलली नाहीस, मला वाटलं…”

“अगं, लेखात सगळं येणार होतं.”

“माझं नाव सांगितलंस?”

“सांगितलं.”

“मग?”

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात अंक होता.

“हसल्या,” ती म्हणाली. “म्हणाल्या, तिचे ठोके कधी थांबवावे लागले नाहीत.”

मग मैत्रीण म्हणाली, “बघ. मी म्हटलं नव्हतं?”

फोन ठेवून बायको म्हणाली, “खुलासा नको. ती आहे तोवर नको.”

मी दिला नाही. मथळ्यावर बरेच फोन आले, जुन्या वर्गातल्या काहींचे, अनोळखी वाचकांचेही. बायको सगळ्यांना ‘हो, हो’ म्हणाली. तिच्याकडे घरी जपानी शिकायला येणारी दोन मुलं होती, ती त्यानंतर लवकरच ऑनलाइन वर्गाला गेली. तिनं नवी घेतली नाहीत.

मैत्रीण या हिवाळ्यात गेली. तिच्या सुनेनं सांगितलं, की तो अंक उशाशी होता. दहाव्याहून परत येताना रिक्षात बायको म्हणाली, “आता लिहा.”

तर खुलासा असा: बाईंनी ओळखलं नव्हतं. माझ्या बायकोलाही नाही, तिच्या मैत्रिणीलाही नाही, आणि स्वतः शिकवलेल्या भाषेलाही नाही. लेखात तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. मथळा चुकीचा होता.